शुश्रूषागृहांतील संसर्ग नियंत्रण आणि संरक्षक साधने : एक ऐतिहासिक मागोवा (१८६५ ते २०२४)

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात संसर्ग नियंत्रणाचा विचार प्रामुख्याने रुग्णालयाच्या आणि त्यातही शस्त्रक्रियागृहाच्या संदर्भात झालेला आढळतो. सेमेलवाइस, लिस्टर, पाश्चर, कॉख ही नावे सुशिक्षित वाचकाला परिचित आहेत. परंतु जेथे रुग्ण बरा होऊन घरी परतण्यासाठी येत नाही, तर आयुष्याची अखेरची वर्षे काढण्यासाठी येतो, अशा शुश्रूषागृहांत संसर्ग कसा रोखला गेला, हातमोजे, मुखपट्टी व अंगरखा ही साधने तेथे केव्हा व कोणत्या कारणाने पोहोचली, या प्रश्नांकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. २०२० साली कोविड-१९ च्या साथीने अमेरिकेतील शुश्रूषागृहांत जो हाहाकार माजविला, त्यामुळे हा दुर्लक्षित इतिहास एकाएकी महत्त्वाचा ठरला.

प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या संदर्भात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. या क्षेत्रातील नियमांची सर्वांत सविस्तर व सलग नोंद त्या देशात उपलब्ध आहे, हे या निवडीचे एक कारण होय. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : संरक्षक साधनांचे नियम रुग्णालयासाठी घडले आणि ते शुश्रूषागृहाला उसने मिळाले. ते उशिरा मिळाले आणि तेथील कामाच्या स्वरूपाचा विचार न करता मिळाले. परिणामी, वृद्धाची प्रत्यक्ष सेवा करणारी व्यक्ती आणि स्वतः वृद्ध असे दोघेही दीर्घ काळ अपुऱ्या संरक्षणात राहिले.

'नर्सिंग होम' या संज्ञेविषयी

विषयात शिरण्यापूर्वी संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात 'नर्सिंग होम' म्हटले की खाजगी डॉक्टरांचे छोटे रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांपुढे येते. १९४९ साली मुंबई प्रांतात झालेला नर्सिंग होम नोंदणी कायदा हा प्रामुख्याने अशाच संस्थांच्या नोंदणीसाठी वापरला जातो. अमेरिकेत मात्र याच शब्दाने वेगळी संस्था ओळखली जाते. स्वतःच्या हाताने जेवणे, अंघोळ करणे, कपडे बदलणे, शौचास जाणे ही दैनंदिन कामे ज्यांना साहाय्याशिवाय करता येत नाहीत, अशा व्यक्ती तेथे महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे राहतात. त्यांतील बहुसंख्य वृद्ध असतात. त्यांना 'पेशंट' न म्हणता 'रेसिडेंट' म्हणजे निवासी म्हणण्याचा प्रघात आहे. या लेखात अशा संस्थेसाठी 'शुश्रूषागृह' व तेथे राहणाऱ्यांसाठी 'निवासी' हे शब्द योजले आहेत. निवाशांची बहुतांश प्रत्यक्ष सेवा प्रशिक्षित परिचारिका करीत नाहीत. ती करणारा साहाय्यक कर्मचारी, म्हणजे आपल्याकडील आया किंवा मावशी, यांचा उल्लेख 'परिचर' असा केला आहे.

दरिद्रालयातील शुश्रूषा

आधुनिक शुश्रूषागृहाचे मूळ रुग्णालयात नसून दरिद्रालयात आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये निराधार, अपंग व वृद्ध यांची रवानगी 'वर्कहाउस' नावाच्या संस्थेत होत असे. तेथील आजाऱ्यांची सेवा त्याच संस्थेतील धडधाकट, परंतु अप्रशिक्षित निराधार स्त्रिया करीत. ही स्थिती बदलण्यासाठी लिव्हरपूलचे दानशूर व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी पुढाकार घेतला व खर्चाचा भार उचलला. १८६५ साली अ‍ॅग्नेस जोन्स ही प्रशिक्षित परिचारिका, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या लंडनमधील शाळेत तयार झालेल्या १२ परिचारिकांसह, ब्राउनलो हिल येथील दरिद्रालयाच्या रुग्णविभागात रुजू झाली. दरिद्रालयात प्रशिक्षित शुश्रूषेचा हा पहिला महत्त्वाचा प्रयोग होय.

नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक ग्रंथात शुद्ध हवा, प्रकाश, स्वच्छता आणि परिचारिकेने वारंवार हात धुणे यांवर भर दिला होता. त्याआधी १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास लावले. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या विभागातील प्रसूत स्त्रियांचे मृत्युप्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते, ते उन्हाळ्यात शेकडा २ च्या आसपास आले. तथापि या दोन्ही प्रयत्नांत संरक्षणाचा रोख रुग्णाकडे होता. सेवा करणाऱ्याच्या संरक्षणाचा स्वतंत्र विचार त्यात नव्हता.

या उणिवेची किंमत अ‍ॅग्नेस जोन्स यांनी मोजली. १८६८ च्या फेब्रुवारीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याच दरिद्रालयात टायफसच्या ज्वराने त्यांचा मृत्यू झाला. मराठी वाचकाला येथे साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगने निधन पावलेल्या सावित्रीबाई फुले यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. टायफसचा प्रसार उवांमार्फत होतो हे शार्ल निकोल यांनी ट्युनिस येथे १९०९ साली दाखवून दिले. म्हणजे जोन्स यांना मुखपट्टी किंवा हातमोजे मिळाले असते तरी त्यांचे रक्षण झालेच असते असे नाही. रोग कोणत्या मार्गाने पसरतो हे कळल्याशिवाय कोणते साधन उपयोगी हे ठरविता येत नाही, हा संसर्ग नियंत्रणाचा मूलभूत धडा या उदाहरणातून मिळतो.

हातमोजे आणि मुखपट्टी : संरक्षण कोणाचे?

आज संसर्ग नियंत्रणाची प्रतीके बनलेली साधने शस्त्रक्रियागृहात जन्मली. रबरी हातमोज्यांचा उगम या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या सुमारास शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणामुळे त्वचाविकार जडला. हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे मोजे करवून घेतले. पुढे दोघांचा विवाह झाला. हातमोजे वापरात आले ते अशा रीतीने परिचारिकेच्या हातांच्या रक्षणासाठी. त्यांनी जखमेतील संसर्ग कमी होतो हे हॉलस्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांच्या कामातून १८९० च्या दशकाअखेरीस स्पष्ट झाले आणि मग ते रुग्णाच्या रक्षणाचे साधन ठरले.

मुखपट्टीचा प्रवास उलट दिशेने झाला. जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे कार्ल फ्ल्यूगे यांनी बोलताना व खोकताना उडणाऱ्या तुषारांत जंतू असतात हे दाखविले. त्याच शहरातील शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी १८९७ साली शस्त्रक्रियेच्या वेळी जाळीदार कापडाची मुखपट्टी वापरण्यास आरंभ केला. रुग्णाच्या जखमेचे डॉक्टरच्या तुषारांपासून रक्षण करणे हा तिचा हेतू होता. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे ६०,००० बळी घेतले, तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस व जाळीदार कापड यांच्या घड्यांची मुखपट्टी सेवकांनी स्वतःच्या रक्षणासाठी वापरावी असा आग्रह धरला. ती वापरण्यास नकार देणारे फ्रेंच डॉक्टर मेनी रुग्ण तपासल्यानंतर काही दिवसांतच प्लेगने दगावले.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की साधन एकच असले तरी ते कोणाच्या रक्षणासाठी आहे, याचे उत्तर काळ व परिस्थिती यांनुसार बदलत गेले. शुश्रूषागृहाच्या संदर्भात हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणी गांभीर्याने विचारलाच नव्हता.

दरिद्रालयाकडून शुश्रूषागृहाकडे

अमेरिकेतही निराधार वृद्धांचा आश्रय म्हणजे 'आल्म्सहाउस' हे दरिद्रालयच होते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद केली, परंतु सार्वजनिक संस्थांत राहणाऱ्यांना ते मिळणार नाही अशी अट घातली. दरिद्रालये बंद व्हावीत हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात ज्यांना घरी सांभाळणारे कोणी नव्हते ते वृद्ध हाती आलेले पैसे घेऊन खाजगी घरगुती आश्रयस्थानांकडे वळले आणि खाजगी शुश्रूषागृहांचा व्यवसाय उदयास आला.

१९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने रुग्णालये बांधण्यासाठी केंद्र सरकारचे अनुदान सुरू केले होते. १९५४ च्या दुरुस्तीने ते शुश्रूषागृहांनाही मिळू लागले. या घटनेचा परिणाम दूरगामी ठरला. लांब मार्गिका, मध्यभागी परिचारिकांचे टेबल, दोघा-तिघांत एक खोली व सामाईक स्वच्छतागृह अशी रुग्णालयाच्या धर्तीची रचना शुश्रूषागृहांत रूढ झाली. १९६५ साली मेडिकेअर व मेडिकेड या योजना आल्या आणि सार्वजनिक पैशाच्या आधारावर या संस्थांची संख्या झपाट्याने वाढली. इमारत रुग्णालयासारखी झाली, परंतु रुग्णालयातील प्रयोगशाळा, संसर्गतज्ज्ञ आणि पुरेशा प्रशिक्षित परिचारिका तेथे आल्या नाहीत. १९७० साली बाल्टिमोर येथील एका शुश्रूषागृहात साल्मोनेला जंतूंच्या अन्नविषबाधेने वीसहून अधिक वृद्ध दगावले. या काळातील दुर्घटनांमुळे अमेरिकी सिनेटने शुश्रूषागृहांच्या स्थितीची चौकशी हाती घेतली.

रुग्णालयांचे नियम आणि शुश्रूषागृहांचे वास्तव

याच १९७० साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, विलगीकरणाच्या पद्धतींची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत रोगांचे सात वर्ग करून प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचे पत्रक दारावर लावण्याची पद्धत सांगितली होती. मुखपट्टी, अंगरखा, हातमोजे यांपैकी काय घालावे हे त्या पत्रकावरून कळे. १९८३ साली या मार्गदर्शनाची सुधारित आवृत्ती आली व १९९६ साली आणखी एक. या तिन्ही प्रकाशनांच्या शीर्षकात 'रुग्णालय' हा शब्द आहे. २००७ च्या आवृत्तीत प्रथमच त्याऐवजी सर्व आरोग्यसेवा-स्थळांचा समावेश करणारी शब्दयोजना आली. म्हणजे सुमारे ३७ वर्षे शुश्रूषागृहांनी जे मूलभूत मार्गदर्शन वापरले ते नावानेच दुसऱ्या संस्थेसाठी लिहिलेले होते.

दरम्यान शुश्रूषागृहातील संसर्गाचे प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या सात शुश्रूषागृहांच्या एका पाहणीत सुमारे १६ टक्के निवाशांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता संसर्ग असल्याचे आढळले. वाढते वय, क्षीण प्रतिकारशक्ती, मूत्रनलिका, शय्याव्रण आणि एकाच सेवकाने दिवसभर अनेकांना हाताळणे ही त्याची कारणे होत. १९८३ साली मेडिकेअरने रुग्णालयांना प्रत्येक आजारासाठी ठरावीक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे रुग्णालये रुग्णांना लवकर सोडू लागली आणि पूर्वीपेक्षा अधिक आजारी माणसे शुश्रूषागृहांत येऊ लागली. त्यांच्यासोबत एमआरएसए यांसारखे प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतूही आले. रुग्णालयाने आपला भार कमी केला, मात्र त्या प्रमाणात साधने व मनुष्यबळ शुश्रूषागृहांकडे गेले नाही.

एड्सचे पर्व आणि कर्मचाऱ्याचा हक्क

संरक्षक साधनांच्या इतिहासातील निर्णायक वळण एड्समुळे आले. रुग्णाच्या रक्तात विषाणू आहे की नाही हे पाहून कळत नाही, या जाणिवेतून सीडीसीने १९८५ पासून व सविस्तरपणे १९८७ साली 'युनिव्हर्सल प्रिकॉशन्स' म्हणजे सार्वत्रिक दक्षतेचे तत्त्व मांडले. प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य आहे असे गृहीत धरावे, असा त्याचा आशय होता. निदानावर आधारलेल्या विलगीकरणाची जागा कृतीवर आधारलेल्या दक्षतेने घेण्यास येथून प्रारंभ झाला. १९९६ च्या आवृत्तीत रक्ताखेरीज घाम वगळता सर्व शरीरद्रव्यांचा त्यात समावेश होऊन 'स्टँडर्ड प्रिकॉशन्स' ही प्रमाणित दक्षता रूढ झाली. शुश्रूषागृहात परिचराचा संबंध रक्तापेक्षा मलमूत्र, थुंकी व व्रणांतील स्राव यांच्याशी अधिक येतो, म्हणून हा बदल तेथे विशेष महत्त्वाचा होता.

डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेच्या श्रमसुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, रक्तजन्य रोगांपासून कर्मचाऱ्यांचे रक्षण करणारा नियम लागू केला. हातमोजे, अंगरखा व इतर साधने मालकाने स्वखर्चाने पुरवावीत, तसेच हिपॅटायटिस-बी ची लस विनामूल्य द्यावी, असे बंधन त्यात होते. अ‍ॅग्नेस जोन्स यांच्या मृत्यूनंतर १२३ वर्षांनी सेवा करणाऱ्याचे संरक्षण हा असा कायदेशीर हक्क बनला.

परंतु हक्क मिळाला म्हणून व्यवहार बदलतोच असे नाही. एकदा वापरून टाकून देण्याचे स्वस्त हातमोजे सर्वत्र उपलब्ध झाल्यावर, मोजे घातले की हात धुण्याचे कारण नाही, असा समज पसरला. तेच मोजे घालून एका निवाशाकडून दुसऱ्याकडे गेल्यास परिचराचे हात स्वच्छ राहतात, पण जंतू मात्र या खाटेवरून त्या खाटेवर जातात. म्हणूनच मोजे काढल्यानंतर हात स्वच्छ करावेत असे प्रत्येक मार्गदर्शनात वारंवार बजावावे लागले. २००२ साली सीडीसीने अल्कोहोलयुक्त द्रावणाने हात स्वच्छ करण्याची शिफारस केली. बेसिनपर्यंत जाण्याचा वेळ वाचत असल्याने, हाताखाली अनेक निवासी असलेल्या परिचरासाठी ती सोयीची होती.

घर की रुग्णालय?

१९८७ साली अमेरिकी संसदेने शुश्रूषागृह सुधारणा कायदा केला. आदल्या वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने दिलेल्या अहवालाची पार्श्वभूमी त्याला होती. निवाशाचा सन्मान, खाजगीपणा, बांधून न ठेवले जाण्याचा हक्क यांना त्याने कायद्याचे बळ दिले आणि परिचरासाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. शुश्रूषागृह हे निवाशाचे घर आहे, ही या कायद्यामागील भूमिका होती.

येथेच संसर्ग नियंत्रणासमोर एक खरा पेच उभा राहिला. रुग्णालयात एमआरएसए असलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवणे व अंगरखा आणि मोजे घालूनच त्याच्याजवळ जाणे हे काही दिवसांपुरते असते. शुश्रूषागृहातील वृद्धाच्या अंगावर असा जंतू अनेक महिने राहू शकतो. रुग्णालयाचा नियम अक्षरशः पाळला तर त्याने उरलेले आयुष्य एका खोलीत काढावे, सहभोजन, भजन-प्रार्थना, खेळ यांना मुकावे, आणि प्रत्येक स्पर्श रबरातूनच अनुभवावा, असा त्याचा अर्थ होतो. नियम पाळला नाही तर शेजारच्या खाटेवरील दुर्बल वृद्धाला धोका. अनेक संस्थांनी या पेचातून सोपी वाट काढली. नियम कागदावर ठेवला आणि व्यवहार प्रत्येक पाळीतील परिचराच्या तारतम्यावर सोडला.

मुखपट्टीच्या बाबतीत उणीव अधिक गंभीर होती. १९९० च्या आसपास क्षयरोगाचे प्रमाण वाढल्यावर रुग्णालयांत श्वसनसंरक्षक मुखवट्यांचा वापर वाढला व १९९५ साली त्यांचा 'एन-९५' हा वर्ग निश्चित झाला. ९५ टक्के सूक्ष्म कण अडविणारा हा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसतो की नाही, याची प्रत्येक कर्मचाऱ्याची चाचणी घ्यावी लागते. अनेक शुश्रूषागृहांत अशा चाचणीची व्यवस्था २०२० पर्यंत नव्हती.

२०१६ साली अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेने नियमांत व्यापक सुधारणा केली. प्रत्येक शुश्रूषागृहात संसर्ग प्रतिबंधासाठी प्रशिक्षित व्यक्ती किमान अर्धवेळ नेमावी, ही अट त्यात होती. तिच्या अंमलबजावणीची मुदत २८ नोव्हेंबर २०१९ अशी ठरली होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी या व्यवस्थेची परीक्षा झाली.

२०२० चा अनुभव

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातील किर्कलंड येथील एका शुश्रूषागृहात कोविड-१९ चा उद्रेक आढळला. १८ मार्चपर्यंत त्याच्याशी निगडित १६७ रुग्णांची नोंद झाली. त्यांत १०१ निवासी, ५० कर्मचारी आणि १६ अभ्यागत होते. बाधित निवाशांपैकी जवळजवळ एकतृतीयांश दगावले. याच उद्रेकाचा धागा धरून परिसरातील इतर शुश्रूषागृहांची पाहणी केल्यावर तपासकांनी जी कारणे नोंदविली ती या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. कर्मचारी लक्षणे असताना कामावर येत होते. काही जण एकाहून अधिक संस्थांत काम करीत होते. संरक्षक साधनांच्या वापराची पुरेशी माहिती नव्हती, आणि साधनांचा व जंतुनाशक द्रावणाचा पुरवठाही अपुरा होता.

यांपैकी पहिली दोन कारणे साधनांशी नव्हे, तर वेतनाशी व रजेशी निगडित आहेत. कमी वेतनावर काम करणारी, आजारपणाची भरपगारी रजा नसलेली स्त्री अंगात ताप असताना कामावर येते आणि संध्याकाळी दुसऱ्या संस्थेत पाळी करते, ही वैयक्तिक बेजबाबदारी मानता येत नाही. अमेरिकेतील परिचरांत स्त्रियांचे, आणि त्यातही कृष्णवर्णीय व स्थलांतरित स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

आणखी एका शुश्रूषागृहातील तपासणीत ७६ पैकी ४८ निवासी बाधित आढळले व त्यांपैकी २७ जणांना चाचणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. लक्षण दिसल्यावर मुखपट्टी घालावी या पूर्वापार रीतीचा पायाच त्यामुळे ढासळला. रक्ताच्या बाबतीत १९८७ साली जे तत्त्व मान्य झाले होते, ते श्वासाच्या बाबतीत २०२० साली नव्याने शिकावे लागले.

साधनांचा तुटवडा असताना प्राधान्य रुग्णालयांना मिळाले. एप्रिलअखेर केंद्र सरकारने १५,००० हून अधिक शुश्रूषागृहांना प्रत्येकी दोन आठवड्यांचा साठा पाठविण्याचे जाहीर केले. पाठविलेल्या अंगरख्यांपैकी काही हात बाहेर काढण्यास जागा नसलेल्या निळ्या प्लास्टिकच्या खोळी असल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्या. मे २०२० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने दाखवून दिले की २०१३ ते २०१७ या काळात तपासलेल्या शुश्रूषागृहांपैकी ८२ टक्के संस्थांत किमान एकदा तरी संसर्ग नियंत्रणातील त्रुटी नोंदविली गेली होती. बहुतेक त्रुटी गंभीर नाहीत असा शेरा तपासनिसांनी मारला होता. हात न धुणे हा ज्या काळी किरकोळ दोष ठरला, त्याच काळात मोठ्या संकटाची पूर्वतयारी होत होती, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

१३ मार्च २०२० पासून अभ्यागतांना बंदी घातली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये भेटी पूर्ववत खुल्या करण्याचे आदेश निघेपर्यंत अनेक वृद्धांनी मुलानातवंडांना खिडकीच्या काचेतूनच पाहिले. अधिकृत आकडेवारीनुसार या साथीत अमेरिकेतील शुश्रूषागृहांत दीड लाखाहून अधिक निवाशांचा मृत्यू झाला.

शुश्रूषागृहासाठी स्वतंत्र नियम

या इतिहासातील आशादायक भाग म्हणजे शुश्रूषागृहाच्या कामाचे स्वरूप पाहून घडविलेला नियम होय. 'एन्हान्स्ड बॅरिअर प्रिकॉशन्स' या नावाने तो सीडीसीने २०१९ साली मांडला, २०२२ मध्ये त्याचा विस्तार केला आणि १ एप्रिल २०२४ पासून केंद्रीय तपासणीत त्याचा समावेश झाला. प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू बाळगणारे, तसेच जखमा किंवा शरीरात नलिका असलेले निवासी यांना तो लागू होतो. त्यांना अंघोळ घालणे, कपडे बदलणे, उचलून बसविणे, चादर बदलणे, शौचास साहाय्य करणे, जखमेची निगा राखणे अशा निकट संपर्काच्या कामांच्या वेळी परिचराने अंगरखा व हातमोजे घालावेत. मात्र निवाशाला खोलीत कोंडून ठेवू नये. तो इतरांसोबत जेवू शकतो व कार्यक्रमांत भाग घेऊ शकतो.

या नियमाचे वैशिष्ट्य असे की त्याचा आधार रोगाचे नाव नसून परिचराच्या हातून घडणारी कृती आहे. नियमातील कामांची यादी म्हणजे परिचराची दिनचर्याच होय. ज्या श्रमाची दखल दीड शतक कोणत्याही वैद्यकीय मार्गदर्शनाने नीट घेतली नव्हती, तो श्रम येथे प्रथमच नियमाच्या केंद्रस्थानी आला. अर्थात प्रत्येक वेळी अंगरखा चढविण्यास व उतरविण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ परिचरांची संख्या पुरेशी असेल तरच मिळतो, हा मूळ प्रश्न या नियमानेही सुटलेला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, संरक्षक साधने ही संसर्ग नियंत्रणाची शेवटची फळी आहे. तिच्यामागे हवेशीर इमारत, पुरेसे मनुष्यबळ, आजारपणाची भरपगारी रजा, लसीकरण व प्रशिक्षण या फळ्या नसतील तर ती टिकत नाही.

दुसरा, साधन कोणाच्या रक्षणासाठी आहे या प्रश्नाचे उत्तर शुश्रूषागृहात 'दोघांच्याही' असेच द्यावे लागते. परिचर आणि निवासी यांचे संरक्षण परस्परावलंबी आहे. दरिद्रालयात १८६८ मध्ये झालेला एका परिचारिकेचा मृत्यू आणि किर्कलंड येथे २०२० मध्ये बाधित झालेले ५० कर्मचारी हे वास्तव समान रीतीने अधोरेखित करतात.

तिसरा, रुग्णालयाचा नियम घराला जसाच्या तसा लावला तर घराचे घरपण जाते किंवा नियम कागदावर राहतो. नियम तेथील कामातूनच घडवावा लागतो.

या निष्कर्षांना आपल्याकडेही प्रयोजन आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला निदान एक वृद्धाश्रम उभारण्याचा विचार मांडला आहे. वृद्धाश्रमात राहावयास आलेला माणूस आरंभी हिंडता-फिरता असला तरी काही वर्षांनी त्याला उठवावे, भरवावे, धुवावे लागते, आणि त्या दिवसापासून तो वृद्धाश्रम, फलक कोणताही असो, शुश्रूषागृह बनलेला असतो. अशा संस्थांसाठी नियमावली तयार करताना आरंभ रुग्णालयाच्या पुस्तिकेपासून न करता तेथील मावशींच्या दिवसभराच्या कामाच्या यादीपासून करावा. त्यांना किती जोड हातमोजे मिळतात, तापात रजा मिळते का, एका पाळीत किती वृद्धांना हाताळावे लागते, ही माहिती गोळा करणे हे समाजशास्त्र, गृहविज्ञान, इतिहास व शुश्रूषाशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना आपल्या विद्यार्थ्यांकरवी सहज करता येण्यासारखे काम आहे. अमेरिकेला जे शिकण्यास दीड लाखाहून अधिक मृत्यू मोजावे लागले, ते आपल्याला इतिहासाच्या अभ्यासातून शिकता येईल.